चार बोटांची फट

आयुष्यात एकदाच मी स्वतःचं नाव दगडावर कोरून घेतलं, आणि तो दगड नेमका तिथं बसवला जिथं काहीच बसवायचं नव्हतं. दगड काळा, चकचकीत, अक्षरं सोनेरी. सगळ्यांत मोठं नाव पाहुण्यांचं होतं, पण मी कोरणाऱ्याला बाजूला घेऊन हळूच सांगितलं होतं की माझ्या नावात सोनेरी रंग जरा जाड भर. तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली, केस रंगवलेले, आणि गावची सरपंच. जागा बाईसाठी राखीव निघाली म्हणून उभी राहिले, आणि निवडून आल्यावर थोड्याच दिवसांत मला वाटायला लागलं की गावाला माझी हुशारी उशिरा का होईना कळली. आता नातवंडं विचारतात, "आजी, तू सरपंच होतीस तेव्हा काय केलंस?" मी सांगते, "एक फट बुजवली." पोरं हसतात. त्यांना वाटतं आजी गंमत करते.

त्या फटीची खरी मालकीण शमीम मॅडम. हे लिहायला बसले ते तिच्यासाठी. माझं नाव दगडावर एकदा येऊन गेलं, तेवढं पुरे.

आमचं गाव कामरगावच्या रस्त्याला आत. नाव सांगत नाही, कारण यातले बरेच लोक अजून रोज माझ्या दारावरून जातात. वांगी, भेंडी, सांभार म्हणजे कोथिंबीर लावायची आणि पहाटेच्या जीपने कारंज्याच्या बाजारात न्यायची, हा आमचा धंदा. पाण्याची मात्र बोंब. मग उंच टाकी मंजूर झाली आणि तिच्यावर देखरेख करायला पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातून कनिष्ठ अभियंता म्हणून ही शमीम आली.

पहिल्यांदा आली तेव्हा डोक्यावर हेल्मेट होतं. ते तिने ग्रामपंचायतीत शिरल्यावरही काढलं नाही. ठेंगणी, अंगाने भरलेली, चालणं असं की मागून कोणी हाकलतंय. चष्म्याला दोरी, पर्सला साखळी, डब्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळलेली. मी सरपंचाच्या खुर्चीत. माझ्या मागे लोखंडी कपाट, त्यावर बंद पडलेला ॲम्प्लिफायर, दोन भोंगे आणि कधीतरी स्वच्छतेत मिळालेली पितळी ढाल. ती माझ्याकडे बघेना. कपाटाकडे बघत म्हणाली,

"सरपंचबाई, खुर्ची सोडा पयले."

माझ्या अंगाचा तिळपापड. म्हटलं, "काहून सोडू? निवडून आली मी."

"तुमी आल्या निवडून. तो ॲम्प्लिफायर कोनं निवडला? तो डोक्यावर पडला तं गावाले पोटनिवडनूक लागन."

शिपाई खो खो हसला. मी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं आणि खुर्ची दोन हात पुढे सरकवली, मला उजेड पाहिजे होता असं दाखवत.

ही तिची खोडच होती. कोणाच्याही घरात शिरली की आधी वर बघायची. फडताळावर काय, माळ्यावर काय, कपाटावर काय. मग विचारायची, "हे हाललं तं काय पडन?" लोक म्हणायचे, "कायले हालन?" ती म्हणायची, "ते मले नाई मालूम. पडन काय ते सांगा." पंख्याखाली बसायची नाही. दारात, चौकटीला टेकून, चहा उभ्याने. पर्समध्ये ट्यूबच्या पट्ट्यांचा गुंडाळा कायम. तिच्या अब्बांचं कारंज्यात स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान होतं, शेजारी सायकलवाला. फुकटच्या ट्यूब तिथून यायच्या. गावातल्या बाया तिला रबरवाली म्हणायला लागल्या. आमच्या दवाखान्यात जाऊन तिने जनरेटरच्या बॅटऱ्या, औषधांचा फ्रिज आणि ऑक्सिजनची नळकांडी भिंतीतल्या खिळ्यांना बांधून टाकली, कोणाला न विचारता. नर्सने तक्रार केली की आता झाडू मारता येत नाही.

तिला कुठं काय बोलावं याचा पाचपोच नव्हता, हेही सांगून टाकते. शेजारच्या म्हाताऱ्याच्या तेरवीला आली होती. सगळे जेवायला बसलेले, पोरं रडून सुजलेली. ही मांडवाचा खांब हलवून बघते आणि म्हणते, "हा पडला तं वरन-भातावर पडन, पन तो पडला तं आचाऱ्यावर." आचारी पळी टाकून उठला. माणसं दुखावायची. मी तर तेव्हा ठरवूनच टाकलं होतं की ही बाई थोडी सटकलेली आहे, आणि हे ठरवल्याने मला फार शहाणं वाटत होतं.

आमच्या घरी मात्र यायची. अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर म्हटलं की तिचा सगळा ताठा उतरायचा. ऑफिसात मी सरपंचबाई, पण ओसरीवर पाय ठेवला की काकू. "काकू, भाकर पातय करा, जाडी खाऊन झोप येते." पहिल्याच दिवशी जेवण झाल्यावर तिने माझ्या लोणच्याच्या बरण्यांच्या फळीला पुढून दोरी ताणली. मी म्हटलं, "माय, ह्या बरन्या माह्या सासूच्या टायमापासून इथंच हायेत." म्हणाली, "मंग तं लयच नशीब घेऊन आल्या." दोरी राहिली. बरणी काढताना दर वेळी तिचा उद्धार करायची मी.

एकदाच, भाकर मोडता मोडता, तिने सांगितलं की हे खूळ कुठून आलं. कॉलेजात असताना ती दक्षिणेकडच्या एका जिल्ह्यात मदतीला गेली होती, भूकंपानंतर. सगळ्यांना पडलेली घरं दिसली. तिला टाकी दिसली. टाकी आडवी झालेली, पाइप उखडलेली, खांबावरची विजेची डीपी जमिनीवर. एक म्हातारा ढिगाऱ्याखालून जिवंत निघाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे तंबूत पाणी नाही, नाल्याचं प्यायला, आणि गेला.

"दगडाखालून निघाला अन् पान्यानं मेला," ती म्हणाली. "काकू, भूकंप तं दोन मिनिटाचा पाव्हना. मले त्याची भीती नाई. मी दुसऱ्या दिवशीचं बोलतो. दुसऱ्या दिवशी नळाले पानी येईन का? दवाखान्यात लाइट राहीन का? तेवढंच इचारतो, तं लोक मले पागल म्हनतात."

मी म्हटलं, "कोन म्हनते?" आणि भाजी वाढली.

तिच्या साहेबाने तिला नकाशा दाखवला होता. आपला जिल्हा त्यावर फिक्या रंगात, म्हणजे धोका कमी. पलीकडच्या जिल्ह्यात अधूनमधून जमीन गुरगुरते, आमच्याकडे कधीमधी भांडी वाजतात, तेवढंच. साहेब म्हणाला, कमी धोक्यासाठी जास्तीचा खर्च कशाला? ती म्हणाली, "जमीन नकाशा वाचून हालते का साहेब?" तेव्हापासून साहेब तिच्या सगळ्या कागदांवर 'चर्चा करावी' असं लिहायचा आणि चर्चा करायचा नाही.

तरी आमच्या टाकीपुरतं तिने एक करून घेतलं. टाकीच्या पायांजवळ व्हॉल्व्हची खोली बांधायची होती. ठेकेदार खोलीची भिंत टाकीच्या खांबाला चिकटवून बांधत होता, एक भिंत वाचते म्हणून. शमीमने ती पाडायला लावली. खांब आणि भिंत यांत चार बोटांची फट सोडायची, वरपासून खालपर्यंत. टाकीतून उतरणारी पाइप त्या फटीतून खोलीत जाणार, तिथं पाइप अख्खी नाही; मध्ये जाड रबराचा जोड, हत्तीच्या सोंडेसारखा घड्यांचा. भिंतीतलं भोकही पाइपपेक्षा मोठं. ठेकेदार कपाळाला हात लावून माझ्याकडे आला. "सरपंचबाई, ही बाई घर बांधते का चाळनी?"

मी तिला विचारलं, फट कशाला? तिने मला आणि आमच्या ह्यांना अंगणात उभं केलं. आमचे हे म्हणजे मुळात शांत माणूस. बायको सरपंच झाल्यावर आणखी शांत झालेले. तिने ह्यांच्या खांद्यावरचं फडकं घेतलं, एक टोक त्यांच्या मनगटाला, एक माझ्या.

"काका तुमी टाकी. उंच हा, हळूहळू झुला. काकू तुमी खोली. बुटक्या हा, भरभर हाला."

गल्लीतल्या बाया जमल्या. साठीकडे झुकलेला नवरा झुलतोय आणि सरपंचबाई थरथरतेय. एकजण म्हणाली, "व माय, लगन पुन्हा लागून राह्यलं!" शमीमने "आता जोरानं" म्हटलं, आम्ही दोघं उलट्या दिशांना गेलो, फडकं टर्रकन फाटलं, मी दोन पावलं कोलमडले आणि सावरले.

"फडकं होतं, फाटलं. वाचल्या," ती म्हणाली आणि गोठ्यातून म्हशीचं दावं घेऊन आली. तेच पुन्हा. या वेळी दावं तुटलं नाही. मी ह्यांना ओढलं, ह्यांनी मला, आणि दोघंही तुळशीपाशी आडवे. ह्यांच्या कोपराचं साल निघालं. बाया पदर तोंडात कोंबून हसत होत्या. शमीम हसत नव्हती.

"दोर पक्का असला की दोघं पडतात. अन् टाकी पडली तं वरचं सारं पानी घेऊन पडन. म्हनून फट. काईच बांधाचं नाई त्यात. काई भराचं नाई. काई म्हनजे काई नाई."

मी मान डोलावली. मला समजलं होतं. मूर्ख असते तर एक वेळ चाललं असतं.

त्याआधीच्या पावसाळ्यात एक प्रकार झाला होता, त्याने तिची उरलीसुरली पत गेली. समाजमंदिरात ग्रामसभा होती. ती टेबलावर पाण्याचा अर्धा ग्लास ठेवून बसायची, नेहमीचं. मध्येच पाणी थरथरलं. ती ओरडली, "बाहेर! सारे बाहेर!" अख्खी सभा पळाली. चपला अदलाबदल झाल्या, एका आजोबांचं धोतर दाराच्या कडीत अडकलं. बाहेर येऊन बघतो तर काय, बसथांब्यावरून वरात येत होती, तिच्या पुढच्या डीजेच्या गाडीने आख्ख्या गावाच्या खिडक्या वाजत होत्या. लोक हसून हसून खाली बसले. त्या दिवसापासून ती भूकंप मॅडम. पोरं तिच्या स्कूटीमागे "बाहेर! बाहेर!" ओरडत पळायची.

तिने सगळ्यांसमोर कबूल केलं, "चुकली मी." मग समाजमंदिराचं मागचं दार दाखवलं. त्याच्यामागे लग्नाच्या खुर्च्यांची चळत होती. ते उघडलंच नव्हतं. "पन हे दार पाहून घ्या," ती म्हणत होती. ऐकायला कोणी थांबलं नव्हतं. मीही नाही. मला डीजेवाल्यांचा चहा बघायचा होता. वरात माझ्या मतदारांची होती.

मग लोकार्पणाचा दिवस ठरला. मोठे पाहुणे येणार. नेमके तेव्हाच शमीमचे अब्बा आजारी पडले आणि ती कारंज्याला गेली. जाताना सांगून गेली, "काकू, फटीकडे ध्यान ठेवजा. सुतारपक्षी पन बसू देऊ नका."

मी ध्यान ठेवलं. इतकं ठेवलं की मला ती फट बघवेना. पाहुणे जिथं उभे राहून फीत कापणार, बरोबर त्यांच्या नाकासमोर ही भेग. गावातल्या म्हाताऱ्या टाकी बघायला आल्या आणि चुकचुकल्या. "नव्या वास्तूले भेग? असं कसं व बाई? मले तं बरं नाई वाटून राह्यलं." दुसरी म्हणाली, साप राहील. आणि तो रबराचा जोड तर मोडक्या पायाला फडकं गुंडाळल्यासारखा दिसत होता. त्यात कोनशिला कुठं लावायची हा प्रश्न. खांब अरुंद. भिंतीवर पाइप. दोन्ही मिळून मात्र छान रुंद जागा होत होती. फक्त मधली फट आडवी येत होती.

मी गवंडी बोलावला. विटांचे तुकडे आणि सिमेंट भरून फट बुजवली, रबराच्या जोडावरही जाड थर दिला, वरून प्लास्टर, आणि मधोमध दगड. अर्धा खांबावर, अर्धा भिंतीवर. संध्याकाळी कितीदा तरी लांब उभी राहून बघितला. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. आमच्या ह्यांनी एवढंच म्हटलं, "दाव्याचं काय झालं?" मी म्हटलं, "तुमी गप राहा."

शमीम लोकार्पणाच्या दिवशी आली, मंडपात सर्वांत मागे. फीत कापली, टाळ्या झाल्या, पहिलं पाणी वाहिलं. गर्दी जिलेबीकडे वळल्यावर ती दगडापाशी गेली. हेल्मेट काढून काखेत घेतलं. तिला बिनहेल्मेटची उन्हात मी पहिल्यांदाच बघत होते. केस मागून पार पांढरे.

"हे कोनी केलं?"

"मीच," मी म्हटलं, आणि पदर सावरला. स्तुती येईल अशा तयारीने उभी होते मी.

तिने माझ्या नावावर तळवा ठेवला, दाबून पाहिलं, आणि म्हणाली, "बरं, सरपंचबाई."

त्यानंतर ती आमच्या ओसरीवर येतच राहिली, पण काकू म्हटलं नाही. घरात, भाकर वाढताना, कुठंही, सरपंचबाई. निवडणूक हरले तरी सरपंचबाई. शिवी दिली असती तर परवडलं असतं.

तिने दगड काढायची परवानगी मागितली. ऑफिसने कळवलं की पाहुण्यांच्या हस्ते अनावरण झालेली कोनशिला हटवता येत नाही, तो पाहुण्यांचा अपमान होतो. तिने लिहिलं, दगड शेजारी हलवू. उत्तर आलं की हलवणं म्हणजे हटवणंच. मी सही द्यायला पाहिजे होती. मी म्हटलं, निवडणुकीनंतर बघू, आता विरोधक म्हणतील हिनेच आपलं नाव काढलं. निवडणूक झाली, मी पडले. नवा सरपंच माझा विरोधक. मला वाटलं हा तरी आनंदाने फोडील. तो म्हणाला, "नाई बाई, लोक म्हनतीन मी सूड घेतला. राहू द्या तुमचं नाव." ज्या माणसाने माझ्या नावाने प्रचारात शिमगा केला, तो माझं नाव जपून बसला. तोवर पाहुण्यांनी पक्ष बदलला. तरी दगड हलला नाही, कारण आता तो दोन्हीकडच्या लोकांचा झाला होता.

शमीमची बदली झाली, परत आली, पुन्हा झाली. आली की टाकीखाली एक चक्कर. बायका व्हॉल्व्हपाशी हंडे घेऊन रांगेत उभ्या असायच्या, तिच्याकडे बघून डोळे मिचकवायच्या. ती त्या बायकांच्या डोक्यावर, टाकीच्या पोटाकडे बघायची आणि निघून जायची. कोणालाच वाईट नव्हतं करायचं, हेच मला आता जास्त खुपतं. साहेबाला फाइल सांभाळायची होती, सरपंचाला नाव, मलाही नावच.

धक्का सकाळी आला. मी पोहे परतत होते. आधी फळीवरच्या बरण्या एकमेकींना लागल्या, मग जमीन चाळणीसारखी हलली. बरण्या दोरीपर्यंत आल्या आणि थांबल्या. एकही पडली नाही. मी कढई तशीच टाकून ह्यांचा हात धरला आणि बाहेर. फार मोठा नव्हता म्हणतात. दोन-चार जुन्या भिंती पडल्या, माणूस कोणी दगावलं नाही. गल्लीत सगळे हसायला लागले होते, घाबरल्यावर हसतात तसे. कोणीतरी "बाहेर! बाहेर!" ओरडलं आणि सगळे आणखी हसले.

मग पाण्याचा आवाज आला.

टाकी उभी होती. दगड मधोमध फुटला होता, माझ्या नावातून. भरलेली फट भुसभुशीत होऊन गळून पडली होती, खाली नुसती वाळू, आणि आतला जोड ज्या थरात मी गाडला होता तो थर पाइपला घेऊन गेला होता. पाइप मोडलेली. दुपारपर्यंत सगळी टाकी रस्त्यावर वाहून गेली. पोरं त्यात नाचली.

दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं नाही. पुढच्याही दिवशी नाही. वीज होती, दवाखान्यात बॅटऱ्या आणि फ्रिज जागच्या जागी होते, त्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधलेले. पण हात धुवायला पाणी नव्हतं. टँकर ज्या गावात घरं पडली तिकडे गेले. पाइपचा तुकडा मिळेना, कारण आधी पाहणी व्हायची होती. बायका गावाबाहेरच्या जुन्या विहिरीवर गेल्या. भर उन्हाळा, विहिरीच्या तळाशी हिरवं पाणी. आम्ही फडक्यातून गाळून प्यायलो. मग गावात कावीळ पसरली. आमचे हे वाचले, कारंज्याच्या दवाखान्यात बरेच दिवस काढून. सगळेच वाचले असं मी लिहिणार नाही. आमच्या समोरच्या घरात एक पाळणा होता, तो आता माळ्यावर आहे.

त्या दिवसांत मी शमीमला फोन करत होते. तिला दुसऱ्या जिल्ह्यात आवक-जावक टेबलावर बसवलं होतं. येणाऱ्या कागदावर शिक्का मारायचा. तिने फोन उचलला, ऐकून घेतलं, म्हणाली, "पानी उकळून प्या." एवढंच. सरपंचबाईही म्हणाली नाही.

दुरुस्ती झाली ती पुढच्या निवडणुकीच्या तोंडावर. या वेळी ऑफिस जागं झालं होतं. भूकंपात नुकसान झालं, म्हणजे काम मजबूत पाहिजे. मी जाऊन हात जोडले. म्हटलं, फट सोडा, चार बोटं सोडा, मी सांगतो तुमाले काहून. तरुण इंजिनिअर नम्र होता. म्हणाला, "आजी, तुम्ही काळजी करू नका. मागच्या वेळेस ती जागा कमजोर राहिली होती म्हणून तुटली. आता आम्ही खांब आणि भिंत एकजीव करतोय." मी दावं, फडकं, म्हैस सगळं सांगितलं. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. माझ्याशी फार प्रेमाने वागला तो. पूर्वी मी शमीमशी वागत होते तसंच.

ती यंदा आली, एका सुटीच्या दिवशी, त्याच स्कूटीवर. हेल्मेट हँडलला अडकवलेलं. थकलेली दिसली. घरात आली आणि सरळ आत जाऊन पंख्याखाली बसली. मी बघतच राहिले. वर बघितलं नाही, फळीकडे बघितलं नाही. चहा बसून प्यायली. दोरी अजून तिथंच आहे, हे मी दाखवलं. म्हणाली, "राहू द्या आता." ह्यांच्या तब्येतीचं विचारलं. समोरच्या घराकडे एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली.

मग टाकीकडे गेलो दोघी, माझ्या गुडघ्याच्या चालीने. नवा दगड पहिल्यापेक्षा मोठा. त्यावर माझं नाव नाही, देव पावला. व्हॉल्व्हपाशी बायकांची रांग तशीच, एकीच्या कडेवर पोर, आणि वर टाकी भरलेली. शमीमने स्कूटीच्या किल्लीने खांब आणि भिंतीच्या मधल्या सिमेंटवर टकटक केलं. जरा वर केलं, जरा खाली केलं. कुठंच पोकळ वाजलं नाही.

"सळई टाकली का आत?" तिने विचारलं.

"टाकली. बोटाएवढी जाड. मी सोता पाह्यली. लय बोंबलली मी, शमीम, कोनं ऐकलं नाई." मग मी ते बोलले जे इतकी वर्षं बोलायचं होतं, आणि बोलताना मलाच ते फार लहान वाटलं. "माह्यं चुकलं व माय. मी तं सारं बिघडवलं."

तिने किल्ली पर्समध्ये टाकली, रांगेतल्या बायकांकडे बघितलं, मग वर टाकीच्या पोटाकडे, आणि म्हणाली,

"काकू, तुमचं काम कच्चं होतं म्हनून टाकी उभी हाये. ह्या लोकांनी पक्कं केलं."